नाव नसलेल्या राजाचा मुखवटा

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. कैनाडच्या बोहाड्यात, म्हणजे आमच्याकडच्या सोंगांच्या उत्सवात, मी राक्षस म्हणून नाचलो. लहान्या नावाच्या कारागिराने मला घडवले, पिळदार मिशा काढल्या, डोळे वटारले. सोंग देवाचे असो की राक्षसाचे, ते आले की लोक हात जोडतात. मला ते फार आवडायचे. खोटे कशाला बोलू, मी चांगलाच शेफारलो होतो!

पुढे माझा रंग उडाला, नवा राक्षस आला आणि मी कणगीमागे जाऊन पडलो. कोणी विचारीना.

यंदा शितलने मला बाहेर काढले. ही पाड्यावरची पोर डहाणूला कॉलेजात शिकते. तिने एका जुलमी राजाचे नाटक लिहिले होते. मंडप बागायतदार रामनाथशेठ देणार होते आणि त्यांच्या शब्दाबाहेर गावात कोणी नव्हते.

"राजाबिजा नको," ते म्हणाले. "कोणाचं नाव घेतलंस तर मंडप काढून नेईन."

"काका, या राजाला नाव नाय, गाव नाय," शितल म्हणाली.

शेठ खूश झाले. बिननावाचा राजा सगळ्यांच्याच ओळखीचा निघतो, हे बिचाऱ्यांना कुठले ठाऊक!

नाटकात एक राजा मरतो, दुसरा मला तोंडावर चढवतो आणि तेच हुकूम सोडतो. माणसे बदलतात, मी तोच. "हसायचं नाही! विचारायचं नाही! मी रडवलं तर आनंदाश्रू म्हणायचे!"

पण घात झाला. मी दिसताच सवयीने अख्ख्या मंडपाने हात जोडले. हुकमामागून हुकूम सुटले तरी हात खाली येईनात. ज्याला हसायला बोलावले त्याचीच पूजा! पडद्याआड शितलच्या डोळ्यांत पाणी आले.

तेवढ्यात दासीचे काम करणारी म्हातारी बुधीबाई पाठ केलेले सोडून पुढे झाली.

"हात कशाला जोडता? ह्यो देव नाय, राजा हाय! बघा तरी आत काय हाय!"

तिने मला ओढून काढले आणि उलटा धरला. आत जुनी वर्तमानपत्रे, खळीचे डाग आणि नुसती पोकळी.

मंडप खदखदून हसला. जोडलेले हात सुटले आणि टाळ्या पिटू लागले.

रामनाथशेठ ताडकन उठले. "हे माझ्यावर आहे! सोडा मंडपाचे दोर!"

नाव तर कोणीच घेतले नव्हते. खाई त्याला खवखवे! दोर सोडणारी माणसेच पोट धरून हसत होती.

"शेठ, खाली बसा, मागं दिसत नाय!" कोणीतरी ओरडले.

आणि मित्रांनो, शेठ बसले! नाटक शेवटपर्यंत झाले. आता तलासरी, सरावलीकडूनही बोलावणी येतात.

मला उन्हापाण्यापासून जपा, अधूनमधून रंगाचा हात द्या. पण माझ्यापुढे हात जोडू नका. हात जोडून घेण्याचे सुख मी भोगले आहे. मला पाहून हसणाऱ्या माणसांच्या ताठ माना मी त्या दिवशी पाहिल्या, त्या सुखाला तोड नाही.