परदेशी खोका आणि भाताची खळ

सावलीहून गडचिरोलीला जाताना रस्त्यात एक खड्डा लागतो. पावसाळ्यात त्यात उतरलेलं करडू दिवाळीला वर आलं, तेव्हा त्याला दाढी फुटली होती म्हणतात. तेव्हा बंधुभगिनींनो, अशा रस्त्यावर आपला जीव ड्रायव्हरच्या हातात नसतो, चाकाच्या सांध्यात असतो. माणसाला जसा खुबा, तसा चाकाला बॉल जॉईंट. तो निखळला की चाक एका गावाला आणि गाडी दुसऱ्या गावाला.

हे सांधे बनवणारी एक मोठी परदेशी कंपनी आहे. ॲक्सल, गिअर, चाकांचे सांधे, सगळं ती साऱ्या जगाला पुरवते. जपानचा साहेब आणि सावलीचा जीपवाला मंगरू एकाच कंपनीच्या सांध्यावर बसून हिंडतात. सावलीत आदेशचं पार्टचं दुकान या कंपनीच्या नावावर चाले. म्हणजे नुसत्या नावावरच. नवा सांधा घेतला की गिऱ्हाईक खोका दुकानातच टाकून जाई. आदेश तो जपून ठेवी आणि पोत्यातून येणारा बिननावाचा माल त्यात भरी. झाकण चिकटवायचं काम त्याच्या आईकडे, रुखमाबाईकडे. उरल्या भाताची खळ करून ती दुपारभर खोके चिकटवी. तिला वाटे, पोरगा काटकसरी निघाला.

"सगळेच इकतात," आदेश बायकोला सांगे. "गिऱ्हाइकाले खोका पाह्यजे, मी खोका देतो."

"अन् आत?" दिव्यानी विचारी.

"आत लोखंडच हाय न. लाकूड थोडीच भरून राह्यलो."

एका शुक्रवारी संध्याकाळी मंगरू आला. त्याची काळी-पिवळी जीप रोज गडचिरोलीच्या सवाऱ्या नेई. डावं चाक खडखडत होतं. आदेशने खोका पुढे सरकवला. "घे मंगरूभाऊ. अस्सल. डोळे मिटून चालव."

"डोळे मिटून त मी तसाही चालवतो," मंगरू म्हणाला.

शनिवारी सकाळी आदेश उठला तर आई घरात नाही.

"माय कुठी गेली?"

"गडचिरोलीले, डोळे दाखवायले. मंगरूभाऊच्या जीपने गेली," दिव्यानी म्हणाली.

आदेशने चहाचा कप तसाच खाली ठेवला. मंगरूला फोन लावला, लागला नाही. मोटारसायकल काढून तो असा सुटला की त्या प्रसिद्ध खड्ड्यालाही तो कधी गेला ते कळलं नाही. वैनगंगेच्या पुलाच्या अलीकडे त्याला जीप दिसली. आडवी उभी, भोवती गर्दी. गर्दी सारून पाहतो, तर रुखमाबाई टपरीच्या बाकावर बसून बशीतला चहा फुंकत होती.

"तू काऊन आला रे? दुकान कोणं उघडलं?"

झालं होतं असं. खडखड वाढली म्हणून मंगरूने पुलाआधीच गाडी थांबवली होती. नवा सांधा काल अंधार पडला म्हणून लावायचा राहून सीटखालीच होता, जॅक होता, पाने होते, हातही बसलेला होता. पण वार शनिवार. आपल्याकडे शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत. मंगरू तर शनिवारी गाडीत खिळाही ठोकू देत नसे. आदेश पोचला तरी वाद चालूच होता.

"अरे, शनी तुह्या जीपले भेते," एक प्रवासी म्हणाला. "त्याले तरी बसायले जागा कुठी हाय?"

"लाव न भाऊ," रुखमाबाई म्हणाली. "माह्या पोराच्या दुकानातला हाय. काही होत नाई."

अखेर मंगरू हरला. त्याने खोका हातात घेतला.

"थांब मंगरूभाऊ," आदेश पुढे झाला. "शनिवार हाय. लावू नोको."

रुखमाबाईने बशी खाली ठेवली. "तू कधीपासून शनिवार पाळायले लागला? दुकान त शनिवारी धडाक्यात चालते तुहं."

आदेशला शनिवारच्या आड लपून सुटता आलं असतं. सोमवारी सांधा हळूच बदलून देता आला असता. पण आईने मंगरूच्या हातून खोका घेतला होता. झाकणावरून बोट फिरवलं, नाकाशी नेला.

"हे त माही खळ हाय. परदेशात भात शिजवून खोके चिकटवते काय रे कंपनी?"

आदेशने मान खाली घातली. "खोका कंपनीचा हाय, माय. आतला माल नाई."

मंगरूने एक शिवी दिली. ती छापता येत नाही. पुलाखालचे बगळे उडाले ते परतले नाहीत, एवढंच सांगतो.

"मी तुही माय हाय. मी माफ करन," रुखमाबाई सावकाश म्हणाली. तिने कडेवर लेकरू घेतलेल्या एका बाईकडे हात केला. "ते काऊन माफ करन तुले? आज शनीनं निभावलं. उद्या आयतवार हाय. उद्या कोण वाचवन?"

"हा जुना सांधा पाह्य," मंगरू म्हणाला. "झिजला, पण चार दिवसांपासून बोंबलून सांगून राह्यला. तुह्यानं सांगितलं असतं का?"

आदेशने खोका तिथंच टराटरा फाडला, आतला सांधा खिशात घातला आणि पूल ओलांडून गडचिरोली गाठली. कंपनीच्या खऱ्या दुकानातून सांधा आणला, तोवर टपरीवरचा चहा संपला होता आणि शिव्याही.

"लावतो का? शनिवार हाय," त्याने भीतभीत विचारलं.

"लावतो. शनी आज तुह्या मागे हाय, माह्या नाई," मंगरू म्हणाला आणि जीपखाली शिरला.

जीप पुलावर चढली. आदेश मोटारसायकलवर मागे, डोळे डाव्या चाकावर. चाक सरळ, निमूट फिरत होतं. पलीकडचा काठ आला, तेव्हा सकाळपासून छातीत अडकलेला श्वास त्याने सोडला आणि एकटाच हसला. खरं सांगून माणूस इतका हलका होतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं!

पुढे त्याने पोतं भंगारात घातलं आणि ज्यांना ज्यांना तसला माल दिला होता, त्यांच्या दारी जाऊन तो स्वतः बदलून दिला. काहींनी चहा पाजला, काहींनी मंगरूची शिवी नव्याने ऐकवली.

म्हणून नागरिकहो, नवा पार्ट घेतला की खोका तिथंच फाडा, कुणाला पुन्हा भरू देऊ नका. खरी वस्तू झिजताना वाजते, खोटी मोडेपर्यंत गप्प बसते. आणि दुकानदार असाल, तर या गिऱ्हाइकाच्या गाडीत आपलीच माय बसणार आहे असं समजून माल द्या. आपली गावं केवढी ती. बहुतेक वेळा ती बसलेलीच असते.