अकरा नावं वगळून

आमच्या घरात आभार मानायचा रोग आहे. माझे वडील, भालचंद्र ओगले, दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात चाळीस वर्षं आभारप्रदर्शन करत आले. अध्यक्ष बदलले, मांडववाले बदलले, बाबा काही बदलले नाहीत. सतरंज्या घालणाऱ्यापासून माईक लावणाऱ्या सरदारजीपर्यंत एकेकाचं नाव, तेही आडनाव आणि मोहल्ल्यासकट. लोक चपला शोधायला लागायचे तरी बाबांची यादी संपायची नाही. घरी आल्यावर परत हळहळ, अरे, तो पाणी भरणारा राहिलाच की!

मी त्यांची मुलगी, कल्पना. वय वर्षं त्रेपन्न, शिक्षणानं इंजिनियर, आणि आता स्वतःच्या कपाळावर हात मारून घेण्यात तरबेज.

झालं असं. तीन वर्षांपूर्वी सरकारच्या एका विभागानं मला संशोधनासाठी अनुदान दिलं. विषय होता, गुरुग्रामजवळच्या मानेसरच्या कारखान्यांत प्रेस मशीनवर कामगारांची बोटं का तुटतात. उत्तर तसं सोपं आहे. मशीनमध्ये हात गेला की ती थांबवणारा एक सेन्सर असतो, आणि माल जास्त निघावा म्हणून सुपरवायझर तो बंद करून ठेवतात. हे तिथल्या पोरासोरांना माहीत आहे, पण नोकरी जाईल म्हणून कुणी तोंड उघडत नाही. माझ्यापाशी अकरा जणांनी उघडलं, सगळे एकाच कारखान्यातले. कुणी टपरीमागे उभं राहून, कुणी शेअर रिक्षात. त्यांना शब्द दिला होता मी, नाव कहीं नहीं आएगा.

त्यातली एक मुनेश. उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यातली, नवरा वारलेला, ठेकेदाराकडे नऊ वर्षं. उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून नाहीत, तरी त्याच हातानं त्याच मशीनवर काम करते. मुलगी बारावीला. त्या घरात पगार येतो तो मुनेशचा एकटीचा. "मॅडम, मेरा नाम आया तो समझो गेट बंद," असं तिनं मला तीनदा बजावलं होतं.

अहवालात मी सगळ्यांना 'कामगार एक' ते 'कामगार अकरा' करून टाकलं. बासष्ट पानं झाली. आणि पाठवायच्या दिवशी माझ्या अंगात बाबा शिरले. वाटलं, या माणसांनी जीव मुठीत धरून सांगितलं आणि आपण त्यांना नुसते आकडे देतोय? बाबा सोफ्यावर बसूनच होते. "ऋणनिर्देश नाही? असा कसा अहवाल?" म्हणाले. सरकारी कपाटात तर जायचंय, कोण वाचतंय, म्हणून मी शेवटच्या पानावर बाबांचाच 'ऋणनिर्देश' हा मथळा देऊन अकरा नावं टाकली. लाईन नंबर आणि शिफ्टसकट, कारण नुसतं नाव म्हणजे अर्धवट आभार. अहाहा! काय ते समाधान वाटलं मला.

पुढचं वर्षभर काहीच झालं नाही. सेन्सर बंदच, बोटं तुटतायत, अहवाल कपाटात. मग माझी तिडीक गेली मस्तकात. जनतेच्या पैशातून संशोधन होतं ते जनतेला दिसायला नको का? पत्रं लिहिली, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकले, अपिलात गेले. कुठल्या प्रकल्पाला किती अनुदान दिलं आणि त्यातून काय निघालं, ते सगळं वेबसाईटवर टाका! तोवर ते शेवटचं पान मी साफ विसरले होते. माणूस म्हणवून घ्यायची लाज वाटावी इतकी साफ.

आणि एका मंगळवारी त्यांनी टाकलं.

माझी मुलगी रसिका गुरुग्राममध्येच आयटीत आहे, त्या दिवशी घरूनच काम करत होती. "आई, मुबारक! तुझा रिपोर्ट अपलोड झालाय, पूरा का पूरा," म्हणाली. मी चहा टाकायला उठले. तेवढ्यात ती म्हणाली, "यार आई, ऋणनिर्देश म्हणजे काय गं? इथे लोकांची नावं आहेत. मुनेश देवी, लाईन चार, बी शिफ्ट."

हातातलं भांडं तसंच राहिलं. मी स्क्रीनपाशी धावले. अकराच्या अकरा नावं, स्वच्छ, ठळक अक्षरात. खाली बारीक आकडा होता, दस्तऐवज पाहिलेल्यांची संख्या चार.

"त्यातली तीन वेळा मीच उघडलंय," रसिका म्हणाली. "रिलॅक्स. बासष्ट पानं कोण वाचणार?"

पण मला कुठला धीर! दुसऱ्या दिवशी सकाळी मेट्रो धरली. त्या विभागाचं कार्यालय कस्तुरबा गांधी मार्गापासून चालत दहा मिनिटांवर. गेटवर पास, पहिल्या मजल्यावर दुसरा पास. एका खिडकीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं जेवणाच्या सुट्टीकडे. अडीच वाजता मी अखेर ज्यांच्यासमोर बसले त्यांच्या पाटीवर लिहिलं होतं, सूर्यकांत घोलप, सेक्शन ऑफिसर. मराठी माणूस! मला हायसंच वाटलं.

"ओगले म्हणजे तुम्ही आपल्याच की," ते म्हणाले. मॅडमची ताई झाली, चहा आला. "मी साताऱ्याचा. दिल्लीत अकरा वर्षं झाली, पण मराठी बोलायला माणूस मिळत नाही बघा. बोला, काय सेवा करू?"

मी सगळं सांगितलं. नावं उघडी राहिली तर या लोकांच्या नोकऱ्या जातील, आजच्या आज तेवढं शेवटचं पान काढा.

घोलपांनी खेदानं मान हलवली. "ताई, काढता नाही येत. अनुदानाची माहिती जाहीर करणं आता सक्तीचं आहे. एकदा चढवलेला कागद उतरवला तर वर उत्तर द्यावं लागतं. आणि खरं सांगू? ते अपील कुणा बाईंनी केलं होतं म्हणूनच हे सगळं चढवलं."

"ती बाई मीच."

"हो का!" ते कौतुकानं म्हणाले. "फार छान लिहिलं होतं हो."

माझा संताप संताप झाला, पण ओरडणार कुणावर? माणूस चांगला होता, चहात साखर विचारून घालत होता. तासभर मी गयावया केली. शेवटी त्यांना एकदम सुचलं. कागद उतरवता येत नसला तरी दुरुस्ती करता येते. "तुम्ही फक्त अर्ज द्या, कुठली नावं वगळायची ते स्पष्ट लिहा. मी स्वतः फाईल फिरवतो. आपल्या माणसाचं काम आहे."

मी तिथंच बसून अर्ज लिहिला. सुवाच्य अक्षरात अकरा नावं, एकही न विसरता. वडिलांचीच लेक मी.

शुक्रवारी संध्याकाळी घोलपांचा फोन आला. "ताई, झालं काम! तीन दिवसांत शुद्धिपत्र काढलंय, आमच्याकडे हा रेकॉर्ड आहे." मी त्यांचे इतके आभार मानले की विचारू नका. मग रसिकानं वेबसाईट उघडली. नुसता लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

पहिल्याच पानावर, लाल अक्षरात 'नया' असं लुकलुकत होतं. एकाच पानाचं शुद्धिपत्र. त्यात हिंदीत लिहिलं होतं की अमुक क्रमांकाचा अहवाल खालील नावं वगळून वाचावा. आणि खाली अकरा नावं. लाईन नंबर आणि शिफ्टसकट.

"अगं, पण हे तर..." बाबा चष्मा सावरत म्हणाले.

"बाबा, तुम्ही एक शब्द बोलू नका!" मी किंचाळले. बाबांनी बिचाऱ्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग मला त्यांचंच वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याचाही राग आला.

घोलपांना फोन लावला तर लागेना. शनिवार, रविवार कार्यालय बंद. दस्तऐवज पाहिलेल्यांची संख्या शनिवारी सकाळी नव्वद, रविवारी दोनशे सहा. बासष्ट पानं कुणी वाचली नसती, एक पान सगळ्यांनी वाचलं. मी मुनेशला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपने तो कहा था नहीं आएगा."

सोमवारी सकाळी तिनं गेटवर कार्ड लावलं आणि दिवा लाल झाला. सुपरवायझर बाहेर आला, त्यानं मोबाईलवर ते शुद्धिपत्र दाखवलं, तिच्या नावावर बोट ठेवलं, आणि आत गेला. ठेकेदारानं तोंडी सांगितलं की काम कमी झालंय म्हणून तुला कमी केलंय. बाकीच्या दहांचं कार्ड चाललं. अहवालात लाईन नंबर घेऊन बंद सेन्सर सांगितला होता तो फक्त लाईन चारचा, आणि छापून आलेल्या यादीत लाईन चारची ती एकटीच होती.

मंगळवारी मी विभागात गेले ती भांडायलाच. पास बनवणारा माणूससुद्धा माझं तोंड बघून बाजूला झाला. घोलप मात्र मला बघून खुर्चीतून उठले, चेहरा फुललेला.

"ताई, बरं झालं आलात! त्या शुद्धिपत्रात गडबड झाली होती, माझ्या लक्षात आलं. काल वर जाऊन भांडलो. अहवाल, शुद्धिपत्र, सगळं उतरवलंय. आता वेबसाईटवर काही म्हणजे काही नाही."

"अहो, पण आता उतरवून काय उपयोग? तिची नोकरी गेली ना!" मी टेबलावर हात आपटला. त्यांचा चहाचा कप हिंदकळला. घोलप खाली बसले आणि खरंच हळहळले. त्या हळहळण्याचं मी काय करू?

मुनेशला घेऊन मी गुरुग्रामच्या कामगार अधिकाऱ्याकडे गेले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, ठेकेदार म्हणतो काम कमी झालं. तुम्ही म्हणता नाव छापून आलं म्हणून काढलं. मग छापून आलेलं दाखवा. रसिकानं मोबाईलवर लिंक उघडली. पान सापडत नाही, असं आलं. त्या दिवशीच्या आरडाओरड्यात फोटो काढून ठेवायचं आम्हा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. अहवालाची माझी प्रत होती, पण ती तर मीच घरी छापलेली, तिनं काय सिद्ध होणार?

"विभाग से प्रमाणित कॉपी ले आइए," अधिकारी म्हणाला. "शुद्धिपत्र की. केस बन जाएगा."

म्हणजे परत माहितीचा अधिकार. मी अर्ज टाकला आणि तीस दिवस मोजत बसले. मधल्या काळात मुनेशला दोन ठिकाणी काम मिळता मिळता राहिलं. तिचं नाव ऐकलं की कारखानेवाले तिच्या हाताकडे बघायचे आणि म्हणायचे, अच्छा, वही वाली. मुलीच्या नर्सिंगच्या फॉर्मची तारीख येऊन गेली. मी काही मदत देऊ केली तर मुनेश म्हणाली, पैसे नको, तो कागद आणा.

एकोणतिसाव्या दिवशी रजिस्टर्ड पत्र आलं. मुनेश त्या दिवशी आमच्या घरीच होती, बाबांच्या शेजारी सोफ्याच्या कडेला अवघडून बसलेली. बाबांनी तिला दोनदा पाणी विचारलं होतं. मी पाकीट फोडलं आणि वाचलं. परत वाचलं. खाली घोलपांची सही नव्हती, कुणा दुसऱ्याचीच होती.

"क्या लिखा है, मॅडम?" मुनेशनं विचारलं.

मी पत्राची घडी घातली. तिनं परत विचारलं.

"लिखा है," मी म्हणाले, "उस कागज़ में मुनेश देवी और दस और लोगों के नाम हैं। उनकी निजता, यानी प्राइवेसी का सवाल है। इसलिए किसी को दिखाया नहीं जा सकता."