गेरू, डिंक आणि माझी मिशी

माझी मिशी जेव्हा होती, तेव्हा मोर्णेच्या पुरात वाहून चाललेल्या एका बैलाने ती दातांत धरली होती आणि मी त्याला तसाच ओढत काठावर आणला होता. पातूरपर्यंत कोणालाही विचारा. कोणी नाही म्हणाला, तर तो माणूस त्या दिवशी गावात नव्हता असे समजा.

तर अशी ती मिशी मी यंदा एका दगडापायी घालवली.

झाले असे, की आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला अमरावतीहून मंजुषा मॅडम आल्या. त्यांचा वर्ग वर्गात भरतच नाही, माझ्या भाजीच्या मळ्याला लागून नाल्याकाठी भरतो. पोट्टे नाल्यातून गारगोट्या वेचतात, कड पाहून एका दगडाने दुसऱ्यावर ठोका देतात आणि ब्लेडसारख्या कपच्या उडवतात. कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून साऱ्यांच्या डोळ्यांवर घरून आणलेले काळे गॉगल. लांबून वाटावे, नवरदेवाचे सारे दोस्त गिट्टी फोडून राहिले.

"मॅडम, हे कोणतं विज्ञान?" मी विचारले.

"हजारो वर्षांपूर्वी माणसं हत्यारं अशीच करायची, काका. दगड कुठे फुटतो, कसा फुटतो, हे नुसतं वाचून हाताला कळत नाही."

माझी नात पौर्णिमा गॉगल कपाळावर चढवून म्हणाली, "आबाजी, आमी दगडाचा विळा करून राहिलो. गहू सोंगतो त्यानं."

मी इतका हसलो की नाल्यातले बगळे उडाले, ते थेट बार्शीटाकळीला उतरले. "दगडानं गहू? एक पेंढी सोंगून दाखवा, मी ही मिशी उतरवतो!"

नेमके तेव्हाच शेजारच्या मळ्यातले नत्थुजी बांधावर उभे. "म्या आइकलं बरं, खुशालराव!"

झाले. शब्द गिळता येईना. मुदत ठरली: माझ्या गव्हाचा शेवटचा वाफा उभा आहे तोवर.

मुलांनी वाकड्या फांदीत खाच पाडली आणि बाभळीच्या डिंकाने त्यात कपच्या बसवल्या. डिंक सुकल्यावर विळा घेऊन पौर्णिमा गव्हात शिरली. दोन-चार काड्या कापल्या आणि कपच्या टपाटप मातीत!

"धार चांगली होती, आबाजी. डिंकच फुटला," ती म्हणाली. तोंड एवढेसे झाले होते पोरीचे.

मला राहवेना. आणि मला राहवेनासे झाले की काय होते, ते माझ्या बायकोला, मैनाबाईला विचारा. मी तिथल्या तिथे एक गोष्ट सोडली.

"अवं, माह्या आज्याच्या बैलाचं शिंग शंकरपटाच्या शर्यतीत तुटलं होतं. आज्यानं डिंकात गेरू कालवला, शिंग चिकटवलं, अन् त्याच बैलानं पुढचा पट जिंकला!"

समोर गोठ्यात पोळ्याच्या वेळचा गेरूचा डबा दिसत होता, म्हणून गेरू तोंडात आला. चुन्याचा दिसता तर चुना म्हणालो असतो.

नत्थुजी पोट धरून हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "खरं की खोटं, हे हसून कसं कळेल? करून पाहू."

आणि माझ्या थापेची तपासणी सुरू झाली! नुसता डिंक, डिंकात राख, डिंकात माती, डिंकात गेरू. लाकूड तेच, कपच्या सारख्या, ऊन तेच. सुकल्यावर ओंडक्यावर सारखे ठोके. मी रोज भेंड्या तोडायचे निमित्त करून बांधावरून डोकावत होतो. डिंक फुटला की मिशीला पीळ द्यायचो. राख फुटली. माती फुटली.

मग एक दिवस नाल्याकडून आरडाओरडा. पौर्णिमा धावत आली, गॉगल एका कानाला लटकलेला. "आबाजी! गेरूवाली निघूनच नाही राहिली! किती ठोकली तरी! तुमचा आजा लय हुशार होता, बाप्पा!"

मॅडमनी समजावले, "नुसता डिंक सुकला की काचेसारखा तडकतो. गेरूचे कण मध्ये असले की तडा पुढे धावत नाही."

माझ्या आज्याकडे बैल कधीच नव्हता. एक शेळी होती, आणि तिलाही शिंगे नव्हती.

सोंगणीच्या दिवशी सकाळीच मी मोटर चालू केली आणि पाणी शेवटच्या वाफ्याकडे वळवले. डिंक पाण्यात विरघळतो, एवढे विज्ञान मलाही येते. मैनाबाई सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. ती ताडकन उठली.

"पिकल्या गव्हाले पाणी काहून देऊन राहिले?"

"ऊन लय आहे, म्हणून..."

"गव्हाले ऊन लागलं का तुमच्या मिशीले?"

तिने मोटर बंद केली आणि वाफ्याच्या तोंडाशी फावडे घेऊन उभी राहिली.

सारे गाव बांधावर जमले. पौर्णिमाने डाव्या मुठीत काड्या धरल्या, विळा ओढला. खर्र! मूठभर गहू हातात. पुन्हा खर्र! कपच्या जागच्या हलेनात. पोट्टे गॉगल घालूनच नाचू लागले. मधेच तिची पकड सैल झाली, तसे कोणीतरी ओरडले, "खाली धर, खाली! बुडाशी! आता ओढ, माय माही, ओढ!" नत्थुजी माझ्याकडे वळून पाहू लागले, तेव्हा समजले की ओरडणारा मीच होतो. पेंढी बांधली गेली तेव्हा सगळ्यात उंच उडी माझी होती. बाभळीच्या शेंड्यावरचा सुगरणीचा खोपा मी वरून पाहिला, आत दोन पिल्ले होती.

खाली उतरलो तर समोर किशोर न्हावी, वस्तरा घेऊन. नत्थुजींनी त्याला आधीच बोलावून ठेवले होते.

आयुष्यभर थापा मारल्या, कोणाचे काही बिघडले नाही. एक खरी निघाली आणि मिशी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर दारात सारा वर्ग उभा, गॉगल लावून. पौर्णिमा पुढे.

"आबाजी, आता पुराची गोष्ट तपासाची हाय. मिशी केव्हा वाढते, तेवढं सांगा. बैल नत्थुजी देऊन राहिले."