सातवा प्रसंग

वैजनाथअप्पांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाजवळ धरला आणि चौथा प्रसंग खड्या आवाजात वाचायला घेतला.

“प्रसंग चार. नायक दुसऱ्या बाईच्या घरी जातो. खिडकीला लाल पडदा आहे. तो पडदा...” अप्पा थांबले. “निळा हाय तो.”

समितीच्या बैठकीत सगळ्यांच्या माना वर झाल्या. उज्वलाताईंनी पदर सारखा केला. अप्पांनी चष्मा डोळ्यांवर उतरवला.

“म्हणजे निळा असंल,” ते म्हणाले. “असल्या कामाला लाल पडदा कोण लावतंय?”

“निळा करा,” उजळंबकर सर म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले.

अप्पा लातुरातले खताचे व्यापारी आणि संस्कार रक्षण समितीचे अध्यक्ष. तो सिनेमा नांदेडला दहा दिवस चालू होता आणि येत्या शुक्रवारी लातुरात लागणार होता. एक प्रतिष्ठित गृहस्थ, रविवारी नीतीवर व्याख्यान देणारा आणि बाकीचे दिवस दुसऱ्या घरी जाणारा, अशी काहीशी गोष्ट होती. नाव घेतलं की जाहिरात होते, म्हणून निवेदनात सगळीकडे ‘उपरोक्त चित्रपट’ असं लिहायचं ठरलं होतं. वर कुठंही काही उक्त नव्हतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आक्षेपार्ह प्रसंगांची यादी द्यायची, तर कुणीतरी सिनेमा पाहायला हवा होता. समितीनं सरांना नेमलं. सर सदुसष्ट वर्षांचे, मराठीचे निवृत्त प्राध्यापक. “विष पचवायला वय लागतं सर,” अप्पा म्हणाले होते. सर भर वैशाखात कानाला मफलर गुंडाळून नांदेडच्या थिएटरात शेवटच्या रांगेत बसले. आपल्याला समितीनं पाठवलंय हे समितीला ठाऊक होतं, थिएटरला नव्हतं. परतीच्या बसमध्ये एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी यादी उतरवली. लोह्यापर्यंत तीन प्रसंग झाले, अहमदपूरला पाच, चाकूर आलं तेव्हा सात. उतरल्या उतरल्या ती टाइप करायला देऊन टाकली. पेपर पुन्हा वाचल्याशिवाय देऊ नका, असं चौतीस वर्षं पोरांना सांगणाऱ्या माणसानं ती पुन्हा वाचली नाही.

अप्पा पाचवा वाचून गेले, सहावा वाचून गेले. मग त्यांनी घोटभर पाणी घेतलं.

“प्रसंग सात. भाड्याची खोली. दुपारची वेळ. भिंतीपलीकडे घरमालकाचं कुटुंब. नायिका हातातल्या बांगड्या एकेक करून काढते आणि आवाज होऊ नये म्हणून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवते. नायक डब्याला झाकण लावतो. मग दोघंही हसतात, तेही आवाज न करता.”

सरांच्या हातातली बशी ओठांपर्यंत येऊन थांबली. चहा कडेला आला आणि धोतरावर सांडला.

हे सिनेमात नव्हतं. हे देगलूरचं होतं.

“बघा,” उज्वलाताई म्हणाल्या, “अंगाला हातसुद्धा लावला नाही, तरी किती घाण वाटतंय!”

“हेच लई वाईट हाय,” अप्पा म्हणाले. “बाकीचे सहा म्हंजे नुसता उघडेपणा. ह्यात डोकं लावलंय.”

“सातवा काढून टाकू,” सर घाईनं म्हणाले. “सहा पुरेत. उगीच लांबण लागते.”

“काढू? सर, काय बोलायलात? ह्याच्यावरच तर निवेदन उभं हाय!”

“मला तर तो ऐकतानाच उठून जावंसं वाटलं,” उज्वलाताई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

ठराव एकमतानं पास झाला. सगळे चपला घालत असताना अप्पांनी सरांना कोपऱ्यात घेतलं आणि आवाज खाली आणला.

“सर, तो सातवा नेमका कुठं येतो हो? मध्यंतराच्या आधी का नंतर?”

“का?”

“न्हाई, एक भाचा इचारत होता,” अप्पा म्हणाले. “त्याला काय दिसला न्हाई म्हणं.”

सरांनी ‘नंतर’ असं सांगितलं. अप्पांनी मान डोलावली, पण चेहरा मध्यंतरानंतर आपला डोळा लागला होता की काय, असं आठवणाऱ्या माणसाचा झाला.

देगलूरला सर सहा वर्षं होते, अठ्ठावीस वर्षांपूर्वी. नागप्पाच्या घरामागची खोली, शनिवारच्या बसनं लातूर, सोमवारी परत. शांतम्मा कोपऱ्यावर खानावळ चालवायची. नवरा निजामाबादला होता, म्हणजे असून नसल्यासारखा. दुपारी गिऱ्हाईक पांगलं की ती सरांचा डबा घेऊन यायची आणि डबा रिकामा झाला तरी लगेच जायची नाही. खोलीत पत्र्याच्या डब्यात तांदूळ असायचा. तो सर लातूरला न्यायला घेत, कारण देगलूरच्या बाजारातला बारीक तांदूळ बायकोला, इंदूला, आवडायचा. बांगड्या त्याच तांदळात जायच्या. जांभळ्या काचेच्या, वर सोनेरी ठिपके. लातुरात तसल्या कुणी घालत नसे.

एका शनिवारी पलीकडून नागप्पाच्या बायकोनं हाक मारली, शांतम्मानं घाईघाईत बांगड्या चढवल्या आणि ती मागच्या दारानं गेली. सरांनी तांदूळ पिशवीत ओतला आणि बस धरली. सोमवारी तिनं दोन्ही मनगटं पुढं केली.

“बारा होत्या सार. दहाच हायत. उंदीर नेलं वाटतंय.”

ती हसली, म्हणून सरही हसले. पुढच्या शनिवारी घरी जाताना उदगीरपासून ते त्या दोन बांगड्यांसाठी उत्तर जुळवत राहिले. पण इंदूनं दार उघडलं, पिशवी घेतली, नेहमीसारखा भात टाकला. काही बोलली नाही. सरांनी उंदीर हेच कारण खरं धरलं. पुढं बदलीचा कागद आला, तेव्हा शांतम्माला न सांगताच ते निघाले. कॉलेजच्या निरोपसमारंभात मात्र ‘शिक्षक आणि चारित्र्य’ या विषयावर वीस मिनिटं बोलले.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निवेदन स्थानिक पेपरात आलं, सातही प्रसंगांसकट. सर फिरून आले तेव्हा इंदूबाई पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. पेपर शेजारी घडी घालून ठेवलेला होता. सरांनी उभ्याउभ्याच घडी पाहिली. यादी वर आली होती.

“वाचलंस?” सरांनी विचारलं.

“वाचलं. सहा बरोबर आहेत. सातवा त्यात नाही.”

“कशात?”

“सिनेमात.”

सर खुर्चीत बसले. “तुला काय माहीत?”

“मी पाह्यला ना. डोळे दाखवायला मनूकडं नांदेडला गेले होते, तेव्हा. तिनंच तिकिटं काढली. तिच्या सासूबाई पण होत्या. मध्यंतरात समोसे खाल्ले.”

“बोलली नाहीस कधी.”

“तुम्ही विचारलं नाही.”

त्यांनी एक खडा उचलला, बाजूला टाकला. ताटातला तांदूळ बोटांनी पसरत राहिल्या.

“तुमच्या शोला कापला असेल,” सर म्हणाले. “हल्ली कापतात. कुठं असतो, कुठं नसतो.”

“असेल.”

इंदूबाईंनी आणखी एक खडा बाजूला टाकला. सर उठावं की बसावं या विचारात होते. इतक्या वर्षांत आपल्याच पडवीत परवानगीवाचून उठता येत नाही, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

“पण हुशार म्हणायची बाई,” इंदूबाई ताटाकडं बघतच म्हणाल्या. “तांदळात ठेवल्या की वाजत नाहीत. हे लिहिणाऱ्याला सुचायचं नाही. पाह्यल्याशिवाय कुणी लिहीत नाही असलं.”

सरांनी पेपर उचलला, उलटा केला आणि हवामानाचा अंदाज वाचू लागले.

“उद्या निवेदन द्यायला बायका कमी पडतायत,” त्या ताट घेऊन उठल्या. “उज्वलाचा फोन होता. येते म्हणाले मी.”

“तू कशाला उन्हात? तुझे डोळे...”

“डोळे चांगले आहेत,” इंदूबाई आतून म्हणाल्या. “डॉक्टरांनी सांगितलंय.”

जिल्हाधिकारी कार्यालयात समितीची बारा माणसं पोचली. घोषणा फाटकातच देऊन झाल्या होत्या, त्यामुळं आत सगळे नम्र होते. निवेदन घ्यायला एक तरुण अधिकारी बाई बसल्या होत्या. मोठं टेबल, त्यावर जाड काच, काचेखाली कुठल्या तरी जुन्या वर्षाचं कॅलेंडर. बाईंनी निवेदन पूर्ण वाचलं. निवेदनं कुणी पूर्ण वाचत नाही अशी समितीची समजूत होती, त्यामुळं मंडळी जरा अस्वस्थ झाली.

“थिएटरवाल्यांचंही पत्र आलंय,” बाईंनी दुसरा कागद पुढं केला. “ते म्हणतात, सहा प्रसंग आहेत, सेन्सॉरनं पास केलेले. सातवा आमच्या सिनेमात नाही. असला तर आम्हालाही दाखवा.”

मागं कुणीतरी खोकललं.

“मजकूर खोटा निघाला तर तक्रार उलट समितीवर होईल. आणि पेपरात जसं निवेदन आलं, तसं हेही येईल.” बाईंनी कागदावर बोट ठेवलं. “मला एवढंच सांगा, सिनेमात नसलेला प्रसंग यादीत आला कुठून?”

अप्पांनी उज्वलाताईंकडं पाहिलं. उज्वलाताईंनी पंख्याकडं पाहिलं. दोघांनाही उत्तराचा अर्धा भाग ठाऊक होता. सातवा सिनेमात नाही, हे दोघंही शपथेवर सांगू शकत होते, फक्त ती शपथ घ्यायची त्यांची प्राज्ञा नव्हती. हळूहळू सगळ्यांची नजर सरांवर जमली.

सरांनी तोंड उघडलं. आयुष्यभर ज्या तोंडानं विनासायास व्याख्यानं दिली, ते तोंड आता नुसतं उघडंच राहिलं. उद्याच्या पेपरातला मथळा, फिरायला जायच्या रस्त्यावरची माणसं, मनूची सासू, हे सगळं एकदम त्यांच्या अंगावर आलं. आणि या सगळ्यांच्या मागं, दाराजवळ, इंदू उभी होती. तिच्याकडं पाहायचं त्यांनी टाळलं.

“आहे सातवा,” मागून आवाज आला.

गर्दीतून वाट काढत इंदूबाई पुढं आल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन त्यात हात लपेटले होते.

“तुम्ही कोण?”

“यांची मिसेस. मी पाह्यलाय सिनेमा. नांदेडला, मुलीसोबत.”

अप्पांचा जबडा खाली आला. पाह्यला असं म्हणूनही बाई उभीच्या उभी होती, जमीन दुभंगली नव्हती, याचं त्यांना नवल वाटलं असावं.

“सातही प्रसंग खरे आहेत?” अधिकारी बाईंनी विचारलं.

“सातही खरे आहेत.”

“लिहून द्याल?”

“देते की.”

त्यांना खुर्ची दिली गेली. इंदूबाईंनी पदरातून हात काढला आणि अप्पांच्या खिशातलं पेन मागून घेतलं. गोऱ्या, आता सुरकुतलेल्या मनगटावर सोन्याच्या दोन पाटल्या होत्या, आणि पाटल्यांच्या मध्ये दोन जांभळ्या बांगड्या. वर सोनेरी ठिपके. मापाला लहान होत्या. साबण लावून चढवल्या असाव्यात, कारण अंगठ्याखालचं हाड लाल झालं होतं.

त्या लिहू लागल्या. दर शब्दागणिक मनगट पुढं सरकायचं आणि बांगड्या टेबलाच्या काचेवर वाजायच्या. अप्पांना वाटलं, वहिनींचं अक्षर फार सावकाश आहे. उज्वलाताईंना वाटलं, रंग जरा भडक आहे या वयाला. सरांनी त्या मोजल्या. दोनच होत्या.

इंदूबाईंनी सही केली, खाली तारीख घातली. मग कागद न उचलता, हात तिथंच टेकलेला ठेवून, पेन सरांच्या दिशेनं धरलं.

“अहो, या. तुमची राह्यलीय.”

सर पुढं आले. पेन घेतलं आणि वाकले. कागद भरत आला होता. सहीला जागा उरली होती ती तिच्या मनगटाला लागूनच.