हारावरचा आळ

आयुधपूजेला हेमलताबाईंनी नातवाच्या रेसच्या गाडीला झेंडूचा हार घातला. अद्वयने तो न काढताच गाडी ट्रॅकवर नेली आणि तिथे इंजिन उडालं. झालं, त्याने घरच्या ग्रुपवर लिहून टाकलं, आज्जीच्या हाराने रेडिएटर झाकला, म्हणून इंजिन तापलं. तंजावरपासून बंगळूरपर्यंत सगळं गणगोत हसलं.

बाई वेलचेरीच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये तणतणत उतरल्या. "उघडा ते इंजिन माझ्या देखत! मेल्या, सगळ्या खानदानात माझं हसं केलंस."

अद्वयचा मित्र कुशल गाडीखालून बाहेर आला. "आज्जी, रेडिएटरमध्ये पाणी काठोकाठ आहे. इंजिन तापलंच नाही." त्याने तेलाचं भांडं उतरवून दाखवलं. तळाशी धातूचा चुरा होता, आणि आतल्या एका दांड्याने तुटून इंजिनलाच भोक पाडलं होतं. "याने नवे रुंद टायर लावले. त्यांच्या जोरावर वळण भरधाव घेतलं की तेल एका बाजूला पळतं आणि पंप कोरडा पडतो. मग आतले भाग तेलाविना घासून तुटतात."

"म्हणजे हौस याची आणि खापर माझ्या हारावर!"

अद्वय चाचरत म्हणाला, "पोरूरला एक जुनं इंजिन बघून ठेवलंय, आज्जी. या वेळी तेल अडवायला भांड्यात पट्ट्या बसवतो, मगच चढवतो. आत्ताच निघतो आणायला."

"इंजिन कुठे पळून जात नाही. आधी ग्रुपवर सांग. लिहून नको, तोंडाने."

अद्वयने फोन तोंडाशी धरला. "आज्जीची चूक नव्हती..."

"नव्हती काय? तुझी होती म्हण!" बाई कडाडल्या. "पूस ते, आणि पहिल्यापासून बोल."