मावशीची चिठ्ठी

त्या प्रयोगशाळेत कुणी ‘मावशी’ म्हटलं की सगळ्यांच्या माना खिडकीजवळच्या सूक्ष्मदर्शकाकडे वळायच्या. एकतीस वर्षं तीच खुर्ची आणि हातात तोच बारीक ब्रश. समुद्रतळाच्या गाळातून धुऊन काढलेले शंख ती एकेक करून वेचायची. शंख तरी केवढे, साखरेच्या दाण्यापुढेही बापुडे दिसतील एवढे! लाखो वर्षांपूर्वी पाण्यात तरंगत जगलेल्या एकपेशीय जिवांची ही घरं. शास्त्रात त्यांना फोरॅमिनिफेरा म्हणतात. एवढ्याशा घराला खोल्या किती, दार कुठे, भिंत गुळगुळीत की काटेरी, यावरून मावशी त्याची जात सांगायची. पदवी नव्हती तिच्याकडे, पण भले भले पदवीवाले तिच्यापुढे तोंडात बोट घालायचे. बाकीच्यांची ती म्हणायला मावशी, तिथे नव्याने लागलेल्या संशोधक मुलीची मात्र सख्खी. आणि त्या सख्ख्या भाचीच्या हातूनच आज तिची खुर्ची जायची वेळ आली होती.

झालं होतं असं. गेल्या महिन्यात मावशीने दोन नमुन्यांत गल्लत केली, तेव्हापासून प्रयोगशाळेच्या साहेबांच्या मनात तिच्या डोळ्यांबद्दल शंका होती. सोमवारी नवा कॅमेरा बसला आणि साहेबांनी फर्मान काढलं, “एकाच नमुन्याचा निकाल दोघींनी वेगवेगळा काढा. मावशींचा चुकला, तर त्यांनी आता आराम करायचा.”

नमुन्यात एक लहानसा गोल शंख भरपूर होता. मावशी त्याला ‘गुटगुटीत’ म्हणायची. थंड पाण्यात त्याचा पीळ डावीकडे वळतो, उबदार पाण्यात उजवीकडे. भाचीने कॅमेऱ्याने दोनशे शंख टिपले, त्यातले एकशे अठ्ठ्याऐंशी डावे निघाले. म्हणजे समुद्र थंडगार. मावशीच्या चिठ्ठीवर मात्र एवढंच होतं: ‘बहुतेक उजवे. समुद्र उबदार.’ दोनशेत एक शंख फुटका निघाला तरी त्याची वेगळी नोंद करणाऱ्या बाईने आज आकडाच लिहिला नव्हता.

 भाची ती चिठ्ठी घेऊन मावशीकडे गेली.

“मावशी, डावे आहेत गं. तू पोटाच्या बाजूने बघितलं असशील. तिकडून पीळ उलटा दिसतो.”

“हे तू मला शिकवतेस? तुला धड पेन्सिल धरता येत नव्हती तेव्हापासून मी यांना पाठीवर न् पोटावर लोळवतेय.”

“मग फोटो बघ ना!”

“फोटो कशाला? ती चिठ्ठी ठेव त्या कॅमेऱ्याखाली.”

भाचीने चिडूनच ठेवली. पडद्यावर मावशीचं अक्षर उमटलं आणि भाची बघतच राहिली. सगळी अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी होती. कॅमेरा बसवणाऱ्याने त्याच्या सेटिंगमध्ये कुठलीतरी खूण चुकीची ठेवली होती आणि एकशे अठ्ठ्याऐंशी उजवे शंख दोन दिवस बिनबोभाट डावे होऊन बसले होते.

चार वाजता साहेब आले. भाचीने काही हातचं न राखता सगळं सांगून टाकलं.

“मानलं तुम्हाला, मावशी,” साहेब म्हणाले. “नजर कॅमेऱ्याची चुकली, तुमची नाही. खुर्ची तुमचीच.”

इथे गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण गप्प बसेल ती मावशी कसली!

“नाही साहेब. पंधरा दिवस झाले, मला डावा-उजवा दिसतच नाही. सगळं धुक्यात असल्यासारखं. म्हणून तर आकडा लिहिला नाही.”

“मग ओळखलंत कसं?”

“सोबतीवरून. गोल शंखाला ब्रश लागला की तो लोळतो. या तबकात मधूनच मोठी, चपटी, लोळायचं नावच न घेणारी लागत होती. ती आमची कडेवाली, काठाला कंगोरा असलेली. थंड पाण्यात ती नांदत नाही. ती हजर असताना गुटगुटीत डावे कसे असतील?”

 मावशी उठली आणि तिने ब्रश भाचीच्या हातात दिला. एकतीस वर्षांत त्याला तिने कुणालाही हात लावू दिला नव्हता. भाचीला रडू आवरेना. तिने डोळे पुसले, कोपऱ्यातलं स्टूल ओढून खुर्चीला खेटून ठेवलं, मावशीला त्यावर बसवलं आणि मगच स्वतः खुर्चीत बसली. साहेबांनी तबक तिच्यापुढे सरकवलं.

तिने ब्रश ओला करून तबकातल्या एका शंखाला लावला. तो लोळला नाही.

“मावशी, कडेवाली आहे.”

“आहे ना? मला माहीत होतं,” मावशी म्हणाली, आणि मग जरा सरकून जवळ आली. “कशी दिसते गं? सगळं सांग.”

भाचीने पहिल्या खोलीपासून सुरुवात केली.