गंजीच्या पोटात

आमच्या नऊ गायी, आणि त्या कोरड्या वर्षी गवत उगवलं ते फक्त ओढ्याकाठच्या एका तुकड्यात. सासऱ्यांनी तो तुकडा डोळ्यांत तेल घालून जपला. गवत गुडघ्याएवढं होईपर्यंत एकाही गायीला तिकडे तोंड घालू दिलं नाही. तेवढी वैरण साधली तर नऊच्या नऊ जनावरं उन्हाळा काढणार होती. नाहीतर गायी स्वस्तात उचलायला व्यापारी टपलेलाच होता.

कापणी झाली आणि दुसऱ्याच दिवशी ढग आला. वर्षभर पत्ता नाही, गवत आडवं पडल्यावर स्वारी हजर. सासरे एक पेंढी पिळून म्हणाले, "ओलं आहे गं अजून. दोन दिवस ऊन खाऊ दे."

"आणि भिजलं तर, बाबा? तुमचा विचार होईपर्यंत सगळं काळं पडेल."

माझं काम एक घाव दोन तुकडे. नवरा नेहमीसारखा मध्ये उभा, कुणाच्याच बाजूने नाही. मी त्या गवताची गंजी रचली, वर नाचून नाचून घट्ट दाबली. ढग एक थेंबही न टाकता निघून गेला.

सहाव्या सकाळी अंगणात साखर करपल्यासारखा वास आला. मला तर आवडला. सासऱ्यांनी मात्र चहा तसाच ठेवला आणि लांब सळई आणून गंजीत खुपसली. थोड्या वेळाने बाहेर काढून म्हणाले, "धर."

धरली आणि लगेच टाकली. बोटं पोळली होती.

"पेटलंय?"

"अजून नाही. ओल आत कोंडून तापलीय. उघडलं तर वाऱ्याने पेटेल कदाचित. नाही उघडलं तर नक्की पेटेल."

गायींच्या पिण्याचं पाणी बादल्यांत भरून भोवती ठेवलं. पाय आत रुतू नयेत म्हणून गोठ्याचं दार काढून गंजीवर टाकलं आणि त्यावर उभं राहून आम्ही तिघे थर काढू लागलो. वरचं गवत गार होतं, खालचं कोमट. मग हात घालवेना. आणि मग वाफ निघाली. भर उन्हात, माणसाच्या दुप्पट उंच, पांढरीशुभ्र. ज्या रानात आम्हाला चमचाभर ओल दिसली नव्हती, तिथून या काड्यांनी एवढं पाणी शोधून पोटात धरून ठेवलं होतं. मी भीती विसरून बघतच राहिले. सासरेही हात थांबवून बघत होते.

मधला गाभा तपकिरी झाला होता. एक कोपरा काळा पडून धुमसत होता, त्यावर दोन बादल्या रिकाम्या झाल्या. उरलेलं अंगणभर पसरल्यावर सासऱ्यांनी अंदाज घेतला. "आठ गायींचं आहे."

"माझ्या माहेरून आलेली पांढरी गाय व्यापाऱ्याला द्या," मी म्हणाले. "चूक माझी."

ते बराच वेळ पेंढ्या उलटत राहिले. "पाऊस आला असता तर तुझंच खरं ठरलं असतं," ते म्हणाले. "पांढरी राहील. ओढ्याच्या वरच्या अंगाला झाडं आहेत. रोज एक भारा पाला तोडून आणायचा, उन्हाळा संपेपर्यंत. तू आणायचास."

वर जायला तासभर लागतो. मी वाद घातला नाही. विळा घेतला आणि निघाले.